गार लादी

“लादी फार गार हो तुमची,” असं दिगंबरराव कारखानीस म्हणाले आणि दोन्ही पाय वर उचलून त्यांनी सोफ्यावर मांडी ठोकली.

एवढंच. पुढे त्यांनी पोह्यांचं कौतुक केलं, खिडकीतून दिसणाऱ्या खाडीचं केलं, भाईंदरच्या जेसल पार्कात हवा कशी छान येते याचंही केलं. पण पंढरीनाथ टिपणिसांच्या कानाने लादीच्या पलीकडचं काही आत घेतलंच नाही. मुलाचा सासरा लग्नानंतर पहिल्यांदा घरी येतो, आणि त्याला पाय टेकायला जागा गोड लागत नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. पंढरीनाथांना त्या दिवसापासून सोफ्यावर बसलं की अपमान आठवायला लागला.

त्या अपमानाला पालवी फुटली ती ठाण्याला, परतभेटीच्या दिवशी. कारखानिसांच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकूड होतं. मधाच्या रंगाचं, गुळगुळीत, उन्हाचा कवडसा पडला की मांजरासारखं पाठ उंचावून बसणारं. आणि सोफा भिंतीला टेकलेला नव्हता. तो हॉलच्या बरोबर मध्यावर, तळ्यातल्या बेटासारखा मांडलेला होता. पंढरीनाथांनी जन्मभर सोफे भिंतीलाच पाहिले होते. मध्यावर सोफा म्हणजे काय खानदानी डोकं असेल, या विचाराने ते चहा फुंकायचे विसरले आणि जीभ भाजून घेतली. टिपणीस निघेपर्यंत दिगंबरराव त्या सोफ्यावरून उठले नाहीत. निरोपसुद्धा बसल्या जागेवरून दिला. पंढरीनाथांना तोही थाटच वाटला.

भाजलेल्या जिभेनेच त्यांनी तिथे जाहीर करून टाकलं, “सूनबाईची, संपदाची पहिली मंगळागौर आमच्याकडे.”

पहिली मंगळागौर माहेरी, हा रिवाज शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. मृणालिनीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू त्याने दुसऱ्याच्या ताटातली पुरणपोळी उचलली. पण दिगंबरराव एका क्षणात म्हणाले, “अवश्य. तुमच्याकडेच. आम्हाला आनंदच आहे.” त्यांच्या बायकोनेसुद्धा सुटकेचा श्वास सोडला. एवढ्या चटकन कुणी मान सोडत नाही, इथे काहीतरी शिजतंय, हे एखाद्या शहाण्याच्या लक्षात आलं असतं. पण शहाणा माणूस जीभ भाजून घेत नाही.

घरी येताना रिक्षातच लाकडाचा निर्णय झाला. मंगळवारी गौर बसेल ती लाकडावर, बायका झिम्मा-फुगडी खेळतील ती लाकडावर, आणि दिगंबरराव पाय खाली सोडून बसतील. या तिसऱ्या गोष्टीसाठी पहिल्या दोन होत्या.

“आपली लादी चांगली आहे,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “पांढरी आहे. कचरा दिसतो.”

“तेच तर,” पंढरीनाथ म्हणाले. “कचरा दिसतो.”

बातमी मजल्यावर पसरायला दार उघडं असणं पुरेसं होतं. समोरचे महिपतराव शिर्के हे मूळचे रत्नागिरीचे, निवृत्तीनंतर पूर्ण वेळ सल्लागार. त्यांना विचारावं लागत नसे. त्यांनी आधी सांगितलं की सागच घ्या. मग सांगितलं की सागात हल्ली साग नसतो. मग म्हणाले की त्यांच्या आजोळच्या माडीला फणसाचं लाकूड होतं आणि त्यावर हत्ती चालवला तरी आवाज आला नसता. हत्ती माडीवर कसा चढला असता, हे विचारायचं पंढरीनाथांच्या ओठांवर आलं होतं, पण ज्याच्याकडून फुकट सल्ला घ्यायचा त्याचे हत्ती मोजू नयेत.

लाकूड आलं ते बिल्डिंगच्या गेटपर्यंत. तिथे त्याला यतीनभाई भेटले. यतीनभाई शहा हे सोसायटीचे आताचे सेक्रेटरी. त्यांच्या आधी ती गादी पंढरीनाथांची होती. गादीवर असताना पंढरीनाथांनी एक नियम स्वतःच्या हाताने लिहून, चौकट करून, लिफ्टशेजारी टांगला होता: घरकामाचं कोणतंही सामान लिफ्टमधून नेऊ नये. त्या आठवड्यात यतीनभाईंचा मार्बल आला होता. तो जिन्याने वर चढला, आणि यतीनभाई प्रत्येक मजल्यावर पंढरीनाथांच्या नावाने काहीतरी पुटपुटत त्याच्यामागून चढले.

“यतीनभाई, जरा लिफ्ट...”

यतीनभाईंनी चौकटीकडे बोट केलं. चौकट त्यांनी, पंढरीनाथांच्या नजरेसमोर, खिशातल्या रुमालाने पुसलीसुद्धा. “रूल तो तमे ज बनाव्यो ने, काका. मैं कौन होता हूँ तोडनेवाला?”

इतका गोड सूड पंढरीनाथांनी आयुष्यात पाहिला नव्हता. लाकूड जिन्याने निघालं. फळ्या लांब आणि जिन्याची वळणं आखूड, त्यामुळे प्रत्येक वळणावर फळी उभी करावी लागे, मग तिरकी, मग कुणाच्या तरी दाराची बेल आपोआप वाजे. ज्यांची बेल वाजली ते सगळे बाहेर येऊन बघत उभे राहिले. सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत पंढरीनाथांच्या लाकडाला वरातीइतके वऱ्हाडी झाले होते, आणि वरातीतल्या नवऱ्यासारखेच पंढरीनाथ घामाने आणि लाजेने चिंब होते.

जुन्या लादीवरच फळ्या बसवणारा गडी म्हणजे बंटी. बंटीचा एक कान कायम फोनला दिलेला होता, उरलेला गिऱ्हाइकाला. तो यायचा जेवण करून, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी आवाज बंद हा नियमसुद्धा पंढरीनाथांचाच. त्यामुळे बंटी आणि त्याचा जोडीदार नियम पाळून, त्याच फळ्यांवर, ताणून द्यायचे. टिपणिसांच्या लाकडाचं पहिलं सुख असं परक्यांनी भोगलं. ते जागे झाले की ठोकाठोकी सुरू व्हायची आणि खालून पाचव्या मजल्यावरच्या मनोरमाबाई केरसुणीच्या दांड्याने छताला उत्तर द्यायच्या. मनोरमाबाईंचा मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप होता, भाईंदरभर बोलावणी असायची, आणि दुपार कलली की त्यांची तालीम चालायची. वरून हातोडा, खालून दांडा. मधे पंढरीनाथांची अब्रू.

काम संपलं तेव्हा भिंतीकडेने चहूबाजूंनी बोटभर फट सोडलेली होती.

“ही फट कसली?”

“गॅप पाहिजे अंकल. लाकूड है ना. उद्या येऊन वरून पट्टी मारतो, दिखेगा भी नहीं.”

उद्या बंटी आला नाही. परवाही नाही. त्याचं विरारला मोठं काम निघालं होतं. फट उघडी राहिली, आणि उघड्या फटीकडे महिपतरावांचं लक्ष गेलं.

“टिपणीस, हा झुरळांचा हायवे झाला,” ते उकिडवे बसून म्हणाले. “या टोकाला शिरेल, त्या टोकाला निघेल. मधे लाकडाखाली संसार थाटेल. व्याही बसलेत, चहा पितायत, आणि पायाजवळून मिशा बाहेर. बघा बुवा.”

पंढरीनाथांनी मिशा पाहिल्या. दिगंबररावांच्या पायाजवळ पाहिल्या. शिवाय भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकूड घेतलेल्या माणसाने फट का सोसावी, हा मध्यमवर्गाचा सनातन प्रश्न होताच. पापड कडेपर्यंत लाटतात, रांगोळी कडेपर्यंत घालतात, मग लाकूडच का उपाशी? त्यांनी पांढरं सिमेंट आणलं, कालवलं, आणि गुडघ्यांवर रांगत सगळी फट अशी भरली की एखाद्या सुगरणीने करंजीची कड दुमडावी. बंटी उगवला तेव्हा ते त्याने पाहिलं. मग फोन दुसऱ्या कानाला लावत म्हणाला, “अच्छा किया अंकल,” आणि त्यावर पट्टी ठोकून गेला. गिऱ्हाईक स्वतःच खड्डा खणत असेल तर त्याला फावडं नाकारू नये, हा त्याच्या धंद्यातला सभ्यपणा.

आता घरात लाकूड राहायला लागलं, आणि टिपणीस त्याचे भाडेकरू झाले. खुर्च्यांच्या पायांना मोजे चढले. पंढरीनाथांच्याच जुन्या मोज्यांच्या जोड्या होत्या. त्यामुळे ते स्वतः अनवाणी. भाजी चिरायची ती स्वयंपाकघरात. सोफा ठाण्याच्या चालीने हॉलच्या मध्यावर आला, आणि घरातला जो तो त्याला वळसा घालून, देवाला प्रदक्षिणा घालावी तसा हिंडू लागला. मुलगा अभिनव ऑफिसातून आला की दारातच उभा राहून विचारायचा, “आज कुठून जायचं?”

सगळ्यात मोठा अपमान सरूबाईंचा झाला. घरकामाला येणाऱ्या सरूबाई राई गावच्या, खाडीकाठी वाढलेल्या. पाण्याच्या बादलीशिवाय लादी पुसणं त्यांना तोंड न धुता कुंकू लावण्यासारखं वाटे.

“ओलं फडकं नाही,” पंढरीनाथांनी बजावलं. “कोरडं फिरवायचं. लाकडाला पाणी चालत नाही.”

“पानी न्हाय तं पुसू कशानं? फुका मारू?”

“लाकूड आहे ते, सरूबाई.”

“ठावं हाय लाकूर हाय. आमची होरी बी लाकराचीच हाय. ती कंदी घरात ऱ्हायली न्हाय, पान्यातच ऱ्हाते. तिला काय झाला?”

शिकलेल्या माणसाची ही एक अडचण असते, चुकीच्या मुद्द्यालाही त्याला उत्तर सुचत नाही. सरूबाई त्या दिवसापासून फडकं असं फिरवू लागल्या की मेलेल्याच्या तोंडावरून हात फिरवतायत.

आणि मग श्रावण आला. खाडीवरून येणारा वारा श्रावणात नुसता येत नाही, राहायला येतो. डब्यातले पापड मऊ होतात, मिठाला पाझर फुटतो, देवघराचं दार फुगून देवांना कोंडून घालतं. मिठागरांच्या अंगावरून आलेली ती ओल भिंतीत, कपड्यांत, माणसांच्या स्वभावात शिरते. ती लाकडात शिरत नव्हती असं मानायला फक्त पंढरीनाथ तयार होते.

मंगळवारी गौर. सोमवारी पंढरीनाथ पत्री आणि केवडा आणायला स्टेशनपलीकडच्या बाजारात गेले. जाताना त्यांनी लाकडाकडे वळून पाहिलं, जसं तान्ह्याला शेजारणीकडे ठेवताना बघतात.

ते जिना उतरले, तोच सरूबाईंनी पदर खोचला. “बाय, उद्याला गौर यायची. कोरर्‍या घरात गौर बशील?”

मृणालिनीबाईंच्या मनातही तेच होतं. सणाच्या आदल्या दिवशी घर धुतलं नाही, असा एकही सण त्यांच्या सासर-माहेरच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. नवऱ्याचा शब्द एका बाजूला आणि गौर दुसऱ्या बाजूला, अशा वेळी बाईमाणूस गौरीचंच ऐकतं. बादल्या भरल्या. फरशी धुतात तसं लाकूड धुतलं. भिंतीकडेने सिमेंट घट्ट होतं, त्यामुळे पाणी परातीत राहावं तसं तळं होऊन राहिलं, आणि सरूबाईंनी ते मन भरेस्तोवर फिरवून मग टिपलं. पंढरीनाथ परतले तेव्हा लाकूड असं लखलखत होतं की ते स्वतः म्हणाले, “बघितलंत? कोरडं पुसण्याचा हा फायदा.”

दोघी बायकांनी बादल्या मोरीत पालथ्या घातल्या.

मंगळवारी सकाळी पंढरीनाथ चहा घेऊन सोफ्यावर बसले, आणि सोफा डुलला. त्यांना वाटलं, आपल्याला चक्कर आली. मग चहासुद्धा कपात एका बाजूला सरकला. त्यांनी वाकून पाहिलं. हॉलच्या मध्यावर, सोफ्याच्या पोटाखाली, लाकूड वर उठलं होतं. तव्यावरची भाकरी वाफेने टम्म फुगते, अगदी तशी. त्यांनी त्या फुगीर भाकरीवर पाय दिला. ती खाली गेली आणि दुसरीकडे वर आली. त्यांनी तिकडे पाय दिला. ती पहिल्या जागी हसत उभी.

“फट नव्हती ना, फुगायला जागाच नाही बिचाऱ्याला,” महिपतराव दारातून म्हणाले. हे तेच महिपतराव. सल्लागाराला स्वतःचा सल्ला ओळखू येत नाही, म्हणून तर त्याचं काळीज इतकं निरोगी असतं.

पूजा झाली ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात. चौरंग कलत होता, समईतलं तेल एका वातीकडे धावत होतं. मृणालिनीबाईंनी चौरंगाच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली आणि गौर म्हणून मांडलेली पितळी अन्नपूर्णा कशीबशी सरळ बसली. संपदा नऊवारीत, नाकात नथ, पत्री वाहत होती. तिला सगळं दिसत होतं. आणि सुनेला जे दिसतं ते सासऱ्याला फार ऐकू येतं.

दुपार कलताना कारखानीस दांपत्य आलं, संपदाच्या मैत्रिणी आल्या, आणि एकसारख्या हिरव्या लुगड्यांत मनोरमाबाईंचा ग्रुप आला. पंढरीनाथ हॉलच्या तोंडाशी, दोन्ही हात पसरून, उभे.

“यंदा खेळ बसून खेळायचे,” ते म्हणाले. “उखाणे घ्या. भेंड्या लावा. पाय आपटायचे नाहीत.”

मनोरमाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “टिपणीस भावजी, मंगळागौर आहे. शोकसभा नाही.”

“लाकूड जरा... नवीन आहे.”

“बघतेय ना. चांगलंच वर आलंय.” त्या पाठीमागे वळल्या. “चला गं. माझ्याकडे चला. माझी लादी कुणाच्या बापाला घाबरत नाही.”

“आणि गौर?” मृणालिनीबाईंचा आवाज चिरला. “गौरीपुढे जागवायचं असतं, मनोरमाताई. तिच्या पायाखाली नाही.”

संपदा पुढे आली. “बाबा, जाऊ मी?”

पंढरीनाथांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर या भाकरीवर सगळ्यांना नाचवावं लागलं असतं, आणि तिकडे दिगंबरराव उभे होते. “जा,” ते म्हणाले. बायका बांगड्या वाजवत जिन्याने उतरल्या. विहीणबाई गेल्या. मृणालिनीबाई शेवटच्या, मागे वळून न बघता. ठाण्याहून ओढून आणलेली मंगळागौर एक मजला घसरली.

वर उरले दोन व्याही आणि एक गौर.

“बसा ना,” पंढरीनाथ म्हणाले.

दिगंबरराव बसले. पंढरीनाथ शेजारी बसले. सोफा होडीसारखा आधी यांच्याकडे कलला, मग त्यांच्याकडे. खालून झिम्म्याच्या टाळ्या ऐकू आल्या. दोघे हसऱ्या तोंडाने डुलत राहिले. पाहुणचाराचा असा प्रकार दोघांच्याही घराण्यात पूर्वी झाला नसावा.

“पंढरीनाथराव,” दिगंबरराव म्हणाले, “सोफा मध्यावर का ठेवलात?”

“तुमच्याकडे बघून.”

दिगंबररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आमच्याकडे तो त्याखालचं झाकायला ठेवलाय हो.”

पंढरीनाथांची मान वळली.

“गेल्या पावसाळ्यात फुगलं. तुमच्यापेक्षा मोठं आहे. मी उठलो की सोफा उजवीकडे पडतो, म्हणून पाहुणे जाईपर्यंत उठत नाही मी.” त्यांनी घसा खाकरला. “तुम्ही मंगळागौर मागितलीत त्या दिवशी हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, देव धावला.”

पंढरीनाथांची नजर चौरंगाकडे गेली. एकीकडे कललेली समई, पत्रीच्या ढिगात बुडालेली ती एवढीशी पितळी बाई, पुढ्यात रिकामं लाकूड. आपल्याच घरात पाहुण्यासारखी अवघडून बसली होती. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या माणसाने स्वतःच्या घरी वर्षभर पाय हलवला नव्हता.

ते उठले. सोफा दिगंबररावांच्या बाजूला पडला. त्याची त्यांना सवय होती. पंढरीनाथ जिन्याच्या कठड्याशी गेले आणि खाली तोंड करून, सेक्रेटरी असताना ज्या आवाजाला दंड लावला असता त्या आवाजात, म्हणाले, “मृणालिनी, सगळ्यांना घेऊन वर ये. गौर एकटी बसलीये.”

खालच्या टाळ्या थांबल्या. मग पावलं. बायका दारात येऊन थबकल्या. पंढरीनाथांनी दिगंबररावांना उठवलं, दोघांनी मिळून सोफा फरफटत भिंतीकडे नेला. लाकडावर चार लांब ओरखडे उठले. पंढरीनाथांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

मनोरमाबाई भाकरीच्या कडेशी आल्या, टाचेने तिच्यावर एकदा ठोकलं. खालून पोकळ, घुमता आवाज आला. त्यांचे डोळे चमकले. “अगं बाई. ढोलकी आहे ही.” आणि सगळ्यांना रिंगणात घेत त्यांनी तिथल्या तिथे ओवी जोडली:

हौसेनं गं मालकानं, घरात लाकूड आणलं
श्रावणाच्या पाण्यानं बाई, त्याला डोहाळं लागलं

हसण्याचा जो लोट उठला त्यात सरूबाईंचा आवाज सगळ्यात वर होता. त्या प्रसादाला म्हणून आल्या होत्या आणि पदर खोचून रिंगणात शिरल्या होत्या. “पान्यातच ठेवाया पायजे हुता,” त्या फिरता फिरता म्हणाल्या. फुगडी सुरू झाली. संपदा आणि मृणालिनीबाई हातात हात गुंफून अशा गरगरल्या की सासू कुठली आणि सून कुठली ते कळेना. पावलांखाली लाकूड धडधडत होतं, वर येत होतं, खाली जात होतं, आणि कोपऱ्यातली समई वाऱ्याविना डुलत होती. पंढरीनाथ भिंतीकडच्या सोफ्यावर डोळे मिटून बसले होते, शेजारी दिगंबरराव मांडी घालून. प्रत्येक धप्पला त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघे. तो कुणी ऐकला नाही, दिगंबरराव सोडून.

मग भिंतीकडून कडाड असा आवाज आला. त्यांच्या सोफ्यापुढेच पट्टी उखडली, सिमेंटचा पांढरा ओघळ तुटून पडला, आणि कडेची फळी टिपरीसारखी उडून बाजूला झाली. बायका थांबल्या नाहीत. त्यांना वाटलं, तालातलंच आहे.

फळीच्या जागी खाली लादी दिसत होती. जुनी, पांढरी, जिच्यावर कचरा दिसतो ती.

दिगंबररावांनी तिच्याकडे पाहिलं. मग पंढरीनाथांकडे. मग हळूच मांडी मोडली आणि उजवं पाऊल त्या उघड्या चौकोनावर टेकवलं.

“गार आहे हो,” ते म्हणाले.

आणि त्यांनी पाय तिथेच ठेवला.